चर्चच्या गटाबरोबर मलावीतल्या शाळेत : काय पाहिलं, काय केलं

गोदाकाठची :

नमस्कार मंडळी, आणि जय ख्रिस्त. मागच्या एका धाग्यावर मी मलावीला जाणार असल्याचं लिहिलं होतं, तेव्हापासून बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते.

मी मूळची नाशिकची, शरणपूर भागातली. डी.एड. करून तिथल्या शाळेत काही वर्षं शिकवलं, लग्नानंतर स्कॉटलंडला आले, आता ग्लासगोत प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या चर्चचं दक्षिण मलावीतल्या एका प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंट पंथाच्या) मंडळीशी, म्हणजे चर्चच्या समुदायाशी, जुनं नातं आहे आणि त्या मंडळीच्या आवारातच एक प्राथमिक शाळा आहे. जमीन आणि नाव चर्चचं, शिक्षकांचा पगार सरकारचा. मलावीत अशा शाळा खूप आहेत. आम्ही जूनच्या शेवटी गेलो, कारण तेव्हा स्कॉटलंडच्या शाळांना सुट्टी लागते आणि मलावीतल्या शाळा जुलैपर्यंत चालू असतात.

शाळा थ्योलो जिल्ह्यात आहे. ब्लँटायर शहरातून निघालं की थोड्याच वेळात चहाचे मळे सुरू होतात. जून-जुलैत तिथे चिपेरोनी नावाचं धुकं येतं, बारीक झिमझिम पाऊस घेऊनच. आफ्रिका म्हणजे ऊन असं डोक्यात असणाऱ्याला ती थंडी झेपत नाही. अनवाणी, एका पातळ शर्टावर तीन-चार किलोमीटर चालत येणारी मुलं आम्ही पाहिली. चिपेरोनीच्या दिवशी हजेरी निम्म्यावर येते आणि मुख्याध्यापक त्यावर कुणाला रागावत नाहीत.

पहिलीच्या वर्गात एका बाईंसमोर दीडशेच्या वर मुलं होती. बाकं नाहीत, सगळी जमिनीवर, मांडीला मांडी लावून. दुसरीचा वर्ग एरवी आंब्याच्या झाडाखाली भरतो आणि पाऊस आला की पहिलीच्या खोलीत घुसतो. सरकारचं धोरण एका शिक्षकामागे साठ मुलांचं आहे. आठवीपर्यंत जाता जाता पट इतका आटतो की तिथे मात्र साठ सहज जमतात. ही गळती कागदावर वाचणं वेगळं. एकाच दिवशी पहिली ते सातवी वर्गावर्गांतून फिरताना ती डोळ्यांना दिसते.

या गर्दीला एक इतिहास आहे. १९९४ साली मलावीत स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा बहुपक्षीय निवडणूक झाली आणि नव्या सरकारने प्राथमिक शाळांची फी रद्द केली. एका वर्षात पट सुमारे १९ लाखांवरून जवळपास ३० लाखांवर गेला. हजारो शिक्षकांना जुजबी प्रशिक्षण देऊन वर्गावर उभं करावं लागलं. खोल्या मात्र तेवढ्याच राहिल्या. निर्णय योग्यच होता असं मला वाटतं. पण पुढची तीस वर्षं शिक्षक, खोल्या आणि पुस्तकं त्या पटामागे धावतच राहिली.

आता त्या पहिलीच्या बाईंबद्दल, कारण संपूर्ण दौऱ्यात मी सर्वांत जास्त वेळ त्यांच्या वर्गात बसले. त्यांनी मुलांचे गट पाडलेत, प्रत्येक गटाला एक म्होरक्या. बाटल्यांची बुचं आणि मक्याचे दाणे मोजायला, अक्षरं गिरवायला अंगणातली माती. रोज ठरलेल्या दहा-बारा मुलांना त्या एकेकट्याने वाचायला लावतात आणि वहीत खूण करतात. असं केल्याने साधारण तीन आठवड्यांत प्रत्येक मुलाचा आवाज त्यांच्या कानावर पडतो. दीडशे मुलांत हे शिस्तीने चालवणं किती अवघड आहे ते शिकवणाऱ्यालाच कळेल. आमच्या गटातल्या एकीने "यांना प्रशिक्षणाची गरज आहे" असं म्हटलं, तेव्हा मी तिला एक तास त्या वर्गात बसवलं. बाई उत्तम आहेत. त्यांना हवी आहे दुसरी शिक्षिका आणि दुसरी खोली.

दुसरी शिक्षिका का मिळत नाही? राहायला घर नाही म्हणून. खेड्यात भाड्याने धड घर मिळत नाही, त्यामुळे नेमणूक झालेल्या तरुण शिक्षिका वर्षभरात शहराकडे बदली मागतात. शाळा समितीने आमच्या मंडळीकडे रंग, खेळणी, संगणक यातलं काही मागितलं नव्हतं. त्यांनी मागितले शिक्षकाच्या घरासाठी छताचे पत्रे आणि लाकूड. विटा गावाने पाडून भाजून ठेवल्या होत्या. बांधकाम गावच्याच गवंड्याने केलं, आमच्यापैकी कुणी थापी हातात घेतली नाही. त्या गवंड्याला मजुरी मिळाली आणि भिंत सरळ आली.

मग आम्ही केलं काय? मलावीत चौथीपर्यंत मुलं चिचेवा या तिथल्या भाषेतून शिकतात आणि पाचवीत एकदम सगळं इंग्रजीत येतं. पाचवीच्या गुरुजींना विज्ञानाचे धडे तोंडी इंग्रजीतून कसे सोपे करावेत यासाठी सोबत हवी होती. आम्ही दोघं आदल्या दिवशी पाठ बसवायचो. शिकवायचे ते गुरुजीच, मी मागच्या एका गटाबरोबर बसायचे. मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की फळ्यासमोर आमचा शिक्षक राहील. मला हे फार आवडलं.

शाळेत मेरीज् मील्स या संस्थेची लापशी मिळते. मका आणि सोयाबीनची, वरून जीवनसत्त्वं घातलेली. ही संस्था स्कॉटलंडचीच, २००२ साली ब्लँटायरजवळ सुमारे दोनशे मुलांपासून तिने हे काम सुरू केलं आणि आज मलावीत दहा लाखांहून जास्त मुलांना ती लापशी देते. रांधतात मात्र गावातल्या आया, पाळीपाळीने, बिनपगारी, पहाटे अंधारात येऊन. मुलं आपापला मग घरून आणतात.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. जून म्हणजे नुकता मका काढलेला असतो, घरात धान्य असतं. जाणारे बहुतेक गट याच दिवसांत जातात आणि "गरीब आहेत पण किती आनंदी आहेत" असं म्हणत परततात. जानेवारी-फेब्रुवारीत कणग्या रिकाम्या होतात आणि शेतात खुरपणी असते, तेव्हा मुलं शाळा सोडतात. त्या दिवसांत तिथे एकही पाहुणा नसतो. शाळेचा हजेरीपट उघडून ते दोन महिने पाहावेत, मग त्या आनंदाबद्दल बोलावं.

माझं मत स्पष्ट आहे. शाळेने बोलावलं असेल, शाळा चालू असेल आणि आधी-नंतर नातं टिकणार असेल तरच जावं. नाहीतर जाऊ नये, मग उद्देश कितीही पवित्र असो. प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देते.

झेडपी_मास्तर :

ताई, एका दमात वाचलं. धडगाव तालुक्यात बरीच वर्षं द्विशिक्षकी शाळेवर काढली, म्हणून पाचवीच्या इंग्रजीचा मुद्दा लगेच पोचला. आमच्याकडे पावरी ही आदिवासी बोली बोलणारी पोरं पहिलीतच मराठीला सामोरी जायची. पोरगं हुशार, घरी बकऱ्यांचा हिशोब तोंडी करणारं, आणि वर्गात दगडासारखं गप्प. आधी आम्ही त्याला मठ्ठ ठरवायचो. नंतर पावरीतून गोष्टी सांगायला लागलो तेव्हा तेच पोरगं बोलायला लागलं. मलावीत निदान चार वर्षं आईच्या भाषेची मिळतात, हे चांगलं आहे.

आहाराबद्दल : २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं, त्याआधी आपल्याकडे तांदूळ घरी जायचा. खिचडी शाळेत शिजायला लागली आणि पोरं दुपारनंतर थांबायला लागली. पण आपल्या स्वयंपाकी बायांना मानधन मिळतं, भले तुटपुंजं. तिथल्या आया फुकट राबतात हे मला खटकलं.

दोन प्रश्न. आठवीनंतर काय? आणि मुलींचं काय?

गोदाकाठची :

मास्तर, आयांच्या बिनपगारी कामाचं मलाही खटकतं. त्यांच्यातल्या एकीला मी विचारलं. ती म्हणाली, माझी तीन मुलं इथे जेवतात, रांधायची पाळी महिन्यातून थोड्याच वेळा येते. तिचं उत्तर ऐकलं, तरी त्या श्रमाला मोल मिळायला हवं हे माझं मत तसंच आहे.

आठवीला सरकारी परीक्षा असते, साधारण मे महिन्यात. तिच्या गुणांवर माध्यमिक शाळेत जागा मिळते आणि जागा फार कमी. आम्ही गेलो तेव्हा आठवीची खोली रिकामी झाली होती, म्हणून तिथे दुसरीचा वर्ग आणून बसवला होता. निकालात नाव आलं तरी वसतिगृह, गणवेश, वह्या यांचा खर्च अनेक घरांना झेपत नाही.

मुलींसाठी शाळेत मदर ग्रुप असतो. गावातल्या दहा-बारा जाणत्या बाया. एखादी मुलगी आठवडाभर दिसली नाही की त्या तिच्या घरी जाऊन बसतात. बाळंत झालेल्या मुलीला परत शाळेत घेण्याचं धोरण मलावीत १९९३ पासून आहे आणि लग्नाचं वय आता मुलामुलींसाठी अठरा आहे. कायदा पुस्तकात असतो, पण आईबापांशी भांडायला या बायाच जातात. सातवीत एक मुलगी होती, बाळ आजीपाशी ठेवून परत आलेली. पहिला महिना तिच्या वर्गाबाहेर मदर ग्रुपमधली एक बाई रोज येऊन बसायची, कुणी चिडवू नये म्हणून.

या बाया कापडी पॅड शिवतात. आमच्या गटाने ब्लँटायरच्या लिंबे बाजारातून सुती कापड, धागा आणि बटणं आणून दिली, तीही त्यांनी लिहून दिलेल्या यादीप्रमाणे. पूर्ण दौऱ्यात सर्वांत उपयोगी खरेदी तीच झाली असं मी म्हणेन.

सह्यवासी :

लेख चांगला आहे. एक प्रश्न मनात आला तो स्पष्टच विचारतो, राग मानू नका. मिशन म्हटलं की आमच्यासारख्यांच्या मनात धर्मांतर येतं. अन्न, शाळा आणि धर्म एकत्र आले की गरजू माणसाला नाही म्हणायची मोकळीक राहते का? तुमच्या गटाने तिथे धर्मप्रचार केला का?

गोदाकाठची :

राग कसला, सह्यवासीदादा, प्रश्न रास्त आहे. २०१८ च्या जनगणनेप्रमाणे मलावीत सुमारे ७७ टक्के लोक ख्रिस्ती आणि जवळपास १४ टक्के मुसलमान आहेत. त्या गावाला ख्रिस्ताची ओळख आम्ही करून द्यावी अशी परिस्थितीच नाही. त्यांची रविवारची उपासना तीन तासांच्या वर चालते, चार-चार गायकवृंद आळीपाळीने गातात, अर्पण द्यायला लोक नाचत पुढे येतात. ग्लासगोत आमच्या चर्चमध्ये बाकं रिकामी असतात. विश्वासाच्या बाबतीत आम्ही तिथे द्यायला नाही, घ्यायला गेलो होतो, आणि मी भरून पावले.

शाळेत मुसलमान मुलंही आहेत. परिपाठाला प्रार्थना होते, ती मुलं शांत उभी राहतात. लापशीच्या मगासाठी कुणाला काही म्हणावं लागत नाही, नाव आणि इयत्ता पुरते. ते तसं नसतं तर मी स्वतः आमच्या वडीलमंडळासमोर विषय काढला असता. भुकेल्या मुलासमोर अन्न धरून विश्वास मागणं हा माझ्या मते प्रभूचाच अपमान आहे.

पण हेही सांगते की मी श्रद्धेमुळेच गेले. रजा आणि तिकिटाचे पैसे खर्चून दुसऱ्या खंडातल्या पाचवीच्या वर्गात बसायला मला जे बळ लागलं ते प्रार्थनेतून आलं.

इतिहासवेडा :

शरणपूर आणि मलावी एका धाग्यात! ताई, तुम्हाला ठाऊक असेलच, पण बाकीच्यांसाठी लिहितो.

१८६१ साली आजच्या मलावीतल्या शिरे नदीच्या डोंगरभागात स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आणि बिशप मॅकेन्झी यांनी गुलामांचा एक तांडा सोडवला. त्यात चुमा नावाचा याओ जमातीचा मुलगा होता. १८६४ साली लिव्हिंग्स्टन आपली छोटी आगबोट घेऊन झांझिबारहून थेट मुंबईला आला. चुमा आणि त्याचा सोबती विकातानी यांना त्याने मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या हवाली केलं. हे तेच विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीसमोर आहे. चुमाचा बाप्तिस्माही मुंबईतच झाला.

तेव्हा अरबी समुद्रात इंग्रजांचं आरमार गुलाम वाहून नेणारी जहाजं पकडायचं आणि सुटका झालेली आफ्रिकी मुलं नाशिकला शरणपूरच्या मिशन वसाहतीत पाठवली जायची. तिथे ती सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकत. १८६६ च्या जानेवारीत लिव्हिंग्स्टन मुंबईहून अखेरच्या सफरीवर निघाला तेव्हा चुमा आणि विकातानीबरोबर शरणपूरचे नऊ तरुणही होते. १८७३ साली आजच्या झांबियात तो वारला. चुमा, लिव्हिंग्स्टनचा दुसरा आफ्रिकी सेवक सुसी आणि साथीदारांनी त्याचा देह शेकडो मैल वाहून किनाऱ्यावर आणला. त्यांच्यात जेकब वेनराइट होता, पुढच्या तुकडीबरोबर आलेला, तोही नाशिकलाच शिकलेला. लिव्हिंग्स्टनचं हृदय तिथेच पुरलं तेव्हा प्रार्थना त्याने वाचली आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता.

पुढच्याच वर्षी, १८७५ ला, स्कॉटलंडच्या फ्री चर्चने न्यासा (आजच्या मलावी) सरोवराकाठी लिव्हिंगस्टोनिया मिशन काढलं आणि १८७६ ला चर्च ऑफ स्कॉटलंडने ब्लँटायर मिशन. ब्लँटायर हे नाव लिव्हिंग्स्टनच्या जन्मगावाचं, ते ग्लासगोच्या जवळच आहे. ताईंच्या चर्चचं नातं तिथवर मागे जातं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जॉन चिलेम्ब्वे हा मलावीतलाच धर्मोपदेशक अमेरिकेत शिकून आला आणि त्याने आफ्रिकी लोकांनी चालवलेल्या शाळा काढल्या. मागोमेरोच्या गोऱ्या मळेवाल्यांना ते रुचलं नाही. त्यांच्या व्यवस्थापकाने चिलेम्ब्वेची प्रार्थनाघरं जाळली. १९१५ साली चिलेम्ब्वेने उठाव केला आणि मारला गेला. आज त्याचं चित्र मलावीच्या नोटांवर आहे, १५ जानेवारीला देशभर सुट्टी असते. शाळा कोणी चालवायची हा प्रश्न तिथे रक्त सांडून विचारला गेला आहे. फळ्यासमोर आमचा शिक्षक राहील असं ते मुख्याध्यापक म्हणाले, त्याच्यामागे मला हा इतिहास दिसतो.

मुक्ता_पुणे :

सगळं वाचलं, तळमळ पोचली. तरी एक हिशोब सुटत नाही. एका माणसाच्या विमानतिकिटात तिथल्या शिक्षकाचे कित्येक महिन्यांचे पगार निघतील. गटात आठ-दहा माणसं असतील. तेवढे पैसे सरळ शाळेला पाठवले असते तर एक घर सोडून तीन घरांवर पत्रे चढले असते. शिकवायला तिथले शिक्षक समर्थ आहेत हे तुम्हीच लिहिलंय. मग जायचंच कशाला?

गोदाकाठची :

मुक्ता, हा प्रश्न आमच्या मंडळीतही विचारला गेला आणि विचारलाच पाहिजे. आमच्याकडे नियम असा की तिकीट प्रत्येकाने स्वतःचं काढायचं, शाळेसाठी जमलेल्या निधीला हात लावायचा नाही. पण पैसे शेवटी पैसेच, हे मला मान्य आहे.

माझं उत्तर असं : दहा जणांनी जायची गरज नाही. दोघं-तिघं पुरेत, त्यातही ज्यांचं तिथे नेमकं काम आहे ते. यंदा आम्ही गट लहान ठेवला होता. न जाता नुसते पैसे पाठवले की दोन-तीन वर्षांत लोक विसरतात, नवे पाळक येतात, निधी दुसऱ्या विषयाकडे वळतो. आमच्या मंडळीत हा निधी टिकला कारण दर खेपेला कुणीतरी परत येऊन पत्र्यांचा, लाकडाचा, मुलांच्या पटाचा हिशोब रविवारी उभं राहून सांगतं. आणि येणं-जाणं एकतर्फी नाही. तिथल्या एक शिक्षिका आमच्याकडे ग्लासगोत येऊन राहिल्या, माझ्या शाळेत त्यांनी पाठ घेतले. पंचवीस मुलांसाठी दोन मोठी माणसं पाहून त्यांनी मला विचारलं, की मग ही मुलं वाचायला मागे का? त्या प्रश्नावर आमच्या स्टाफरूममध्ये बराच काळ चर्चा चालली.

लिलाँग्वेकर :

मी कंपनीच्या कामाने मलावीची राजधानी लिलाँग्वेत राहतो, आधी ब्लँटायरला होतो. ताईंनी लिहिलेलं जमिनीवरचं आहे. पैशांबद्दल काही व्यवहाराच्या गोष्टी.

नोव्हेंबर २०२३ मध्ये क्वाचाचं, म्हणजे इथल्या चलनाचं, ४४ टक्के अवमूल्यन झालं. सिमेंट आणि पत्र्याचे भाव त्याआधीही चढत होते, नंतर तर विचारू नका. देणगी बँकेत पडून राहिली की तिची किंमत विरघळते. म्हणून रक्कम टप्प्याटप्प्याने पाठवावी आणि हाती आली की त्याच आठवड्यात माल घेऊन टाकावा. पत्रा नेहमी जाड गेजचा. पातळ पत्रा पहिल्या वादळात उडतो. मार्च २०२३ च्या फ्रेडी वादळात दक्षिणेकडच्या किती शाळांची छपरं गेली ते मी पाहिलंय, आणि ज्या शाळा उभ्या राहिल्या त्यांत विस्थापित लोक कित्येक आठवडे राहत होते. मुलांचा अभ्यास तेवढा काळ बंद.

कंटेनर भरून जुनी पुस्तकं पाठवू नका, ही हात जोडून विनंती. ब्रिटनमधली मुलांची पुस्तकं इथे खोक्यांत वाळवी खाते. इथला अभ्यासक्रम मलावी इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन ठरवते, झोंबाजवळ डोमासीला. पाठ्यपुस्तकंही तीच तयार करते. शाळेला विचारून कमी पडणाऱ्या प्रती इथेच मिळवाव्यात. फुटबॉल, खडू, वह्या सगळं लिंबेच्या दुकानांत मिळतं. तिथले बरेच दुकानदार पिढ्यान् पिढ्या इथे राहणारे गुजराती आहेत, शाळेसाठी म्हटलं की भाव कमी करतात.

आणि विटा. गावात भट्टी लावून भाजलेल्या विटांना प्रचंड लाकूड लागतं, डोंगर उघडे पडलेत. माती-सिमेंटच्या न भाजलेल्या दाबविटा करणारी यंत्रं आता मिळतात. पुढच्या घराच्या वेळी समितीशी बोलून बघा.

गोदाकाठची :

दाबविटांचं नक्की बोलते. मुख्याध्यापकांशी दर महिन्याला व्हॉट्सॲपवर बोलणं होतं, तेव्हा हा विषय घेते. तुमच्याकडे यंत्र भाड्याने देणाऱ्यांची माहिती असेल तर व्यनि करा.

नगरी_पोरगा :

मी इथे सहसा नुसता वाचतो. आज लिहितो, कारण मी दुसऱ्या बाजूचा आहे. नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती वसतिगृहात वाढलो. परदेशातले पाहुणे यायचे. त्या दिवशी आम्हाला इस्त्रीचा गणवेश, अंगणात सडा, गाण्याची तालीम आठवडाभर आधी. गणिताचा तास बुडायचा. पाहुणे चॉकलेट वाटायचे, फोटो काढायचे, एखाद्या लहानग्याला कडेवर घेऊन रडायचे. आम्हाला कळायचं नाही ते का रडतात. मग ती माणसं जायची, आणि ज्या पोराला कडेवर घेतलं होतं ते दोन दिवस फाटकापाशी बसायचं. मला आई होती, सुट्टीत घरी जायचो. ज्यांना कुणीच नव्हतं त्यांचं मी बघितलंय.

पण एक बाई होती, डोळे तपासणारी. ती दर हिवाळ्यात यायची. चॉकलेट नाही, फोटो नाही. रांगेत उभं करून डोळे तपासायची, मागच्या वर्षीचं कार्ड काढून ताडून बघायची. मला फळ्यावरचं दिसत नाही हे तिलाच पहिल्यांदा कळलं. चौथीत चष्मा लागला. माझं नाव तिला कधी बरोबर म्हणता आलं नाही, पण माझा नंबर तिला पाठ असायचा.

आमच्या नगरला सिंथिया फरार बाईंची आठवण अजून काढतात. १८२७ ला अमेरिकेहून मुंबईत आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, १८६२ ला नगरलाच वारल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली आणि १८४८ ला पुण्यात स्वतःची काढली. त्या बाईंनी इथली भाषा शिकून तीन दशकांहून जास्त काम केलं. पंधरा दिवसांसाठी येणाऱ्याने फरारबाईंशी बरोबरी सांगू नये. त्याने त्या डोळेवाल्या बाईसारखं एक काम धरावं आणि दरवर्षी तेच करावं. मुलांना कडेवर घ्यायचं टाळावं. फोटो काढू नयेत.

गोदाकाठची :

दादा, तुमचा प्रतिसाद मी आमच्या मंडळीच्या पुढच्या बैठकीत भाषांतर करून वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर. आमच्याकडे फोटोंबद्दल नियम आहे : मुलांचे चेहरे नाहीत, आणि जे काही काढायचं ते मुख्याध्यापकांनी सांगितल्यावरच. स्कॉटलंडमध्ये मुलांसोबत काम करणाऱ्याला पीव्हीजी नोंदणी (पूर्वेतिहासाची सरकारी तपासणी) लागते, ती आमच्या सर्वांची होती. पण कडेवर घेण्याबद्दल तुम्ही लिहिलंय ते नियमांत नाही. ते घालायला सांगते.

नगरी_पोरगा :

हरकत नाही, ताई. वाचा.

जर्सीची_आई :

वेळेवर धागा वर आला. आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगी सतरा वर्षांची आहे, तिच्या चर्चचा तरुणांचा गट केनियात एका शाळेला भेट द्यायला जाणार आहे. तिला जायची खूप इच्छा आहे, मला भीतीही वाटते आणि अडवावंसंही वाटत नाही. पत्रकात "मुलांशी खेळणे, भिंत रंगवणे, बायबलच्या गोष्टी सांगणे" एवढंच लिहिलंय. चर्चला नेमकं काय विचारू?

गोदाकाठची :

ताई, सगळ्यात आधी विचारा की हे तीन कार्यक्रम कोणी ठरवले, शाळेने की चर्चने? शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र किंवा ईमेल दाखवा म्हणा. मग विचारा की मागच्या वर्षी त्या शाळेत हाच गट गेला होता का, आणि वर्षभर कोण संपर्कात आहे. मुलांसोबत एकट्या मोठ्या माणसाला थांबू देतात का, हेही विचारा. भिंत रंगवायची असेल तर तिथल्या रंगाऱ्याला काम द्यावं आणि मुलीने त्या वेळात वर्गात मागे बसून शिक्षक कसा शिकवतो ते पाहावं. सतरा वर्षांच्या मुलीने पाहायला, ऐकायला जाणं चांगलं आहे, फक्त तिला कुणी तिथे बाई म्हणून फळ्यासमोर उभं करू नये.

आणि तारखा तपासा. केनियात साधारण ऑगस्टमध्ये सुट्टी असते.

जर्सीची_आई :

आत्ता पत्रक काढून पाहिलं. ऑगस्टचा दुसरा आणि तिसरा आठवडा. म्हणजे शाळा बंदच असणार, मग खेळायला मुलं कुठून आणणार होते?

लिलाँग्वेकर :

सुट्टीत मुद्दाम बोलावून आणतात. मी पाहिलंय असं. घरची कामं सोडून मुलं येतात, पाहुणे आलेत म्हणून.

जर्सीची_आई :

मुलीला हा पूर्ण धागा वाचायला दिला. नगरी_पोरगा यांचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला. आता ती स्वतःच पाळकांना ईमेल लिहीत बसलीय : तारखा जुलैत आणता येतील का, आणि मुख्याध्यापकांचं पत्र आहे का. इकडे जूनअखेर शाळा संपते, त्यामुळे जुलै जमेल. उत्तर आलं की इथे कळवते.